भांडण सरकारांचे, हप्ते शेतकऱ्यांचे



१९३२ ते १९३८ या सहा वर्षांत आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यात जो संघर्ष झाला त्याला इतिहासाने 'आर्थिक युद्ध' असे नाव दिले आहे. या युद्धात तोफ उडाली नाही. शस्त्रे होती जकातीची, आणि सर्वांत आधी बळी पडली ती वासरे. भारतातील राष्ट्रीय चळवळ त्या काळी या संघर्षाकडे मोठ्या आपुलकीने पाहत होती. विठ्ठलभाई पटेल १९३२ मध्ये डब्लिनला जाऊन आले; सुभाषबाबू १९३६ च्या फेब्रुवारीत तेथे डी व्हॅलेरांना भेटले. त्याआधीच्या पिढीने तर 'बॉयकॉट' हा शब्दच आयर्लंडच्या मेयो परगण्यातून उचलला होता. १८८० साली तेथील कुळांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदारी कारभाऱ्यावर बहिष्कार टाकला, त्यावरून तो शब्द रूढ झाला. या सगळ्यामुळे एक चित्र मनात ठसून बसले: सारी आयरिश जनता एकदिलाने इंग्रजांविरुद्ध उभी आहे. हे चित्र खोटे नाही; पण अपुरे आहे. आणि जे त्यात आलेले नाही तेच समाजवादी कार्यकर्त्याने पाहण्यासारखे आहे.

भांडणाचे मूळ जमिनीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी लंडनच्या पार्लमेंटने कायदे करून आयर्लंडमधील कुळांना जमिनीचे मालक केले. जमीनदारांना मोबदला सरकारने कर्ज उभारून दिला, आणि कुळांनी तो वार्षिक हप्त्यांनी फेडावा असे ठरले. १९२२ मध्ये दक्षिण आयर्लंडला फ्री स्टेट म्हणून स्वायत्तता मिळाली, तरी हप्ते चालूच राहिले. डब्लिनचे सरकार ते गोळा करी व लंडनला पाठवी. ही रक्कम वर्षाला सुमारे तीस लाख पौंड होती. १९२३ व १९२६ मध्ये कॉसग्रेव्ह सरकारने तसे करार केले होते. ते आयरिश संसदेने संमत केलेले नव्हते, हा डी व्हॅलेरांचा पुढे मुख्य मुद्दा झाला.

या हप्त्यांविरुद्धचे आंदोलन मात्र डी व्हॅलेरांनी सुरू केले नाही. ते सुरू केले डोनेगॉलमधल्या गरीब शेतकऱ्यांनी, आणि त्यांना संघटित केले पिडर ओ'डॉनेल या समाजवादी कार्यकर्त्याने. त्याचे म्हणणे सरळ होते. जमीन मुळात लुटलेली. लुटीच्या मालाची किंमत मूळ धन्याने का द्यावी? ती लंडनला द्यायची नाही आणि डब्लिनलाही नाही. डी व्हॅलेरांच्या फियाना फॉल पक्षाने ही मागणी उचलली, पण तिचे दुसरे टोक कापून टाकले. लंडनला पैसे जाणार नाहीत. शेतकऱ्याने मात्र ते भरायचे, आणि ते डब्लिनच्या तिजोरीत राहायचे. १९३३ च्या कायद्याने हप्ता निम्मा केला गेला, हे खरे. परंतु कुळाची मागणी होती ती या वळणावर दोन सरकारांमधील हिशेबाचा तंटा होऊन बसली.

१९३२ च्या मार्चमध्ये डी व्हॅलेरा सत्तेवर आले आणि त्याच उन्हाळ्यात हप्ते रोखले गेले. ब्रिटनने जुलैत आयर्लंडमधून येणाऱ्या गुरांवर व शेतमालावर वीस टक्के जकात बसवली. हे काम ज्याच्या खात्याकडे होते तो मंत्री म्हणजे जे. एच. थॉमस, एके काळचा रेल्वे कामगारांचा पुढारी, जो १९३१ मध्ये मजूर पक्ष सोडून तथाकथित राष्ट्रीय सरकारात जाऊन बसला होता. डब्लिनने उलट ब्रिटिश कोळसा, सिमेंट, पोलाद यांवर जकात लावली. ब्रिटनसाठी आयर्लंड ही अनेकांपैकी एक बाजारपेठ होती. आयर्लंडच्या निर्यातीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माल मात्र ब्रिटनलाच जात होता. अशा दोघांत जकातयुद्ध झाले तर आघात कोणाला किती बसेल हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. १९३१ ते १९३४ या काळात आयरिश निर्यातीचे मूल्य जवळपास निम्म्यावर आले. त्यात जागतिक मंदीचाही वाटा होता, पण गुरांचा भाव कोसळला तो प्रामुख्याने या तंट्यापायी. १९३४ मध्ये सरकारने वासरे मारून कातडे आणून देणाऱ्याला दहा शिलिंग देण्याची योजना काढली. ज्या देशात ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली, त्या देशात धडधाकट वासरे मारून टाकली जात होती.

आता प्रश्न जनमताचा. त्या काळी मतचाचण्या नव्हत्या, तेव्हा मतपेट्यांकडे पाहावे लागते. जानेवारी १९३३ मध्ये, युद्धाला अर्धे वर्ष होते न होते तोच डी व्हॅलेरांनी निवडणूक घेतली. फियाना फॉलला जवळजवळ पन्नास टक्के मते आणि १५३ पैकी ७७ जागा मिळाल्या. लोकांनी लढ्याला कौल दिला, यात शंका नाही. १९३७ मध्ये नव्या संविधानाबरोबरच निवडणूक झाली तेव्हा त्याच पक्षाची मते पंचेचाळीस टक्क्यांवर उतरली व बहुमत गेले. एप्रिल १९३८ मध्ये ब्रिटनशी समझोता झाला, आणि जूनच्या निवडणुकीत हाच पक्ष जवळजवळ बावन्न टक्क्यांवर चढला. तिन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. अपमान सहन करायचा नाही म्हणून लोक उभे राहिले. पाच वर्षांनी थकले. आणि मान राखून तंटा मिटला तेव्हा मिटवणाऱ्याला त्यांनी लढ्याच्या वेळेपेक्षाही मोठे बक्षीस दिले. ज्या जनतेच्या मनात केवळ इंग्रजद्वेष आहे ती असे मतदान करीत नाही.

इंग्रजी मालावर बहिष्काराची हाक अर्थातच दिली गेली. आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या तरुणांनी १९३२ च्या अखेरीस 'बास' या इंग्रजी बिअरला लक्ष्य केले. तिच्या कंपनीचा अध्यक्ष कर्नल ग्रेटन हा हुजूर पक्षाचा खासदार आयरिश स्वातंत्र्याचा कट्टर विरोधक होता, म्हणून ही निवड. दारूच्या दुकानांवर धाडी पडल्या, बाटल्या फुटल्या. आणि देशभक्त ग्राहक बास सोडून गिनेस पिऊ लागला, जिचे भाग १८८६ पासून लंडनच्या शेअरबाजारात विकले जात होते! याच गिनेस कंपनीने जकातीची भिंत उभी राहताच लंडनमध्ये पार्क रॉयल येथे नवा कारखाना बांधायला घेतला व १९३६ मध्ये तो सुरू केला. उलट दिशेने अनेक ब्रिटिश कंपन्यांनी आयर्लंडात शाखा काढून स्वदेशीचा शिक्का मिळवला. भांडवलाला समुद्र ओलांडायला असा वेळ लागत नाही.

मजुरालाही समुद्र ओलांडावा लागलाच, पण वेगळ्या कारणाने. मंदीनंतर अमेरिकेचा रस्ता बंद झाला आणि आयरिश तरुण-तरुणी इंग्लंड-स्कॉटलंडकडे वळले. ज्या वर्षांत डब्लिनची वृत्तपत्रे लंडनच्या सरकारवर आग ओकत होती त्याच वर्षांत टपालबोटी हजारो आयरिश मजुरांना होलीहेड व लिव्हरपूलला उतरवीत होत्या. गुरांवर जकात होती. माणसांना पारपत्रही लागत नव्हते. घरोघर कोणी ना कोणी पलीकडे कामाला, आणि तिकडून येणाऱ्या मनीऑर्डरीवर घर चाललेले. अशा घरात 'ब्रिटिश' या शब्दाला एकच अर्थ कसा राहील? सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधील कर्किंटिलॉक येथे बटाटे काढायला गेलेली आकिल बेटावरची दहा मुले ज्या खोपटात झोपली होती त्याला आग लागून मेली. सर्वांत लहान तेरा वर्षांचा होता. त्यांच्या शवपेट्या घरी आल्या तेव्हा त्या बेटावरील लोकांचा राग कोणावर असावा? स्कॉटिश शेतमालकावर, की ज्या राज्यात पोराला घरी पोटापुरते मिळत नव्हते त्या राज्यावर? या प्रश्नाचे उत्तर बहिष्काराच्या पत्रकात सापडणार नव्हते.

चलनाचीही तीच गोष्ट. आर्थिक युद्धाच्या ऐन भरात आयरिश पौंड स्टर्लिंगला समभावाने जोडलेला होता, आणि तो तसा १९७९ पर्यंत राहिला. ही परावलंबनाची दोरी तुटायला पुढे चाळीस वर्षे लागली. १९७२ च्या जानेवारीत डेरीत ब्रिटिश सैनिकांनी नि:शस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळीबार करून तेरा जणांना जागीच ठार केले, तेव्हा डब्लिनच्या जमावाने ब्रिटिश वकिलात जाळली; तरी बोटींची ये-जा थांबली नाही. २०१६ नंतर ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताना आयर्लंडमधील सीमेचा प्रश्न पेटला. त्या वेळी आयरिश जनमत लंडनच्या सरकारवर चिडले खरे, पण १९३२ ची अगतिकता त्यात नव्हती. वस्तूंच्या निर्यातीतील ब्रिटनचा वाटा तोवर पाचव्या हिश्श्याहूनही खाली आला होता, आणि ब्रिटनमधली माणसेच आयरिश पारपत्रासाठी रांगा लावू लागली होती. जनतेच्या भावनेचा सूर पुष्कळदा असा आयात-निर्यातीच्या कोष्टकात ऐकू येतो.

पुन्हा तिसाच्या दशकाकडे. 'ब्रिटिश' म्हणवणारे लोक समुद्रापलीकडेच होते असे नव्हे. ते बेलफास्टमध्येही होते. ऑक्टोबर १९३२ मध्ये, जकातयुद्ध सुरू होऊन तीन महिने होतात तोच, बेलफास्टच्या फॉल्स रोडवरील कॅथलिक आणि शँकिल रोडवरील प्रॉटेस्टंट बेकार कामगार मदतीच्या तुटपुंज्या दरांविरुद्ध एकत्र रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली, पण दर वाढवावे लागले. हाच धागा पकडून ओ'डॉनेल, फ्रँक रायन, जॉर्ज गिलमोर यांनी १९३४ मध्ये 'रिपब्लिकन काँग्रेस' स्थापली. त्या जूनमध्ये बोडनस्टाउनला वुल्फ टोनच्या समाधीकडे निघालेल्या मिरवणुकीत शँकिल रोडचे प्रॉटेस्टंट कामगार आपला फलक घेऊन आले होते. आयरिश प्रजासत्ताकाच्या आद्य पुरस्कर्त्याला, जो स्वतः प्रॉटेस्टंट होता, वंदन करायला ते बेलफास्टहून आले. आणि रिपब्लिकन आर्मीच्याच लोकांनी त्यांचा फलक हिसकावण्याचा प्रयत्न केला. अधिकृत फलकांखेरीज दुसरे चालणार नाहीत, असे कारण दिले गेले. त्या दिवशी जे हातचे गेले ते परत मिळवण्याची संधी आयरिश डाव्या चळवळीला पुढे क्वचितच आली.

याउलट एक दृश्य. डब्लिनमध्ये आयलंडब्रिज येथे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून लढून पडलेल्या आयरिश सैनिकांचे स्मारक-उद्यान याच वर्षांत उभे राहत होते. काम कॉसग्रेव्ह सरकारच्या अखेरीस सुरू झाले. डी व्हॅलेरांनी ते थांबवले नाही. तेथील मजूर निम्मे जुन्या ब्रिटिश फौजेतले, निम्मे आयरिश राष्ट्रीय सैन्यातले, असा नियम होता. जास्तीत जास्त हातांना काम मिळावे म्हणून यंत्रे कमी वापरली गेली. शहरात आर्मिस्टिस दिनाला कोटावरची पॉपीची फुले ओरबाडली जात होती, आणि नदीकाठी हे लोक खांद्याला खांदा लावून दगड वाहत होते.

खेड्यांत मात्र युद्धाचा भार विषम पडला. बडे पशुपालक गुरांच्या भावाने घायाळ झाले व ओ'डफी यांच्या निळ्या सदऱ्यांच्या, फॅसिस्ट वळणाच्या संघटनेकडे झुकले. त्यांनी हप्ते व कर भरण्यास नकार दिला. सरकारने गुरे जप्त करून लिलाव मांडले. १३ ऑगस्ट १९३४ रोजी कॉर्कच्या मार्शेस यार्डात अशाच एका लिलावाच्या वेळी आंदोलकांची मालमोटार फाटक तोडून आत घुसली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या व एक तरुण मेला. हप्ता इंग्रजांना द्यायचा नाही म्हणून सुरू झालेल्या युद्धात आयरिश पोलिसांच्या गोळीने, आयरिश सरकारच्या हप्त्यापायी, एक आयरिश शेतकऱ्याचा मुलगा मेला होता. निळ्या सदऱ्यांचे राजकारण निंद्यच होते. पण म्हणून त्या हप्त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही. डाव्यांनी हा प्रश्न गरीब शेतकऱ्याच्या बाजूने मांडणे सोडले, तेव्हा तो श्रीमंत शेतकऱ्याने आपल्या झेंड्याखाली नेला.

तडजोड तुकड्यातुकड्यांनी झाली. १९३५ च्या आरंभी कोळसा-गुरे करार झाला: ब्रिटनने आयरिश गुरांचा कोटा वाढवला, आयर्लंडने कोळसा ब्रिटनचाच घ्यायचे कबूल केले. एप्रिल १९३८ मध्ये चेंबरलेन सरकारने अंतिम करारावर सही केली. आयर्लंडने एक कोटी पौंड एकरकमी दिले व लंडनचा हप्त्यांवरील दावा संपला; त्याचे एकूण मूल्य दहा कोटींच्या घरात होते. कोव्ह, बेअरहेव्हन आणि लॉक स्विली ही बंदरे ब्रिटिश आरमाराने सोडली. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ राहू शकले. राष्ट्र म्हणून हा मोठाच विजय होता, आणि जूनमध्ये लोकांनी तो मतांनी साजरा केला.

लंडनचा हिशेब मिटला. डोनेगॉलचा शेतकरी निम्मा हप्ता डब्लिनच्या तिजोरीत पुढेही वर्षानुवर्षे भरत राहिला.