हाकेच्या अंतरावरची शाळा
(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवात शाळेच्या यशाची उजळणी होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु शाळेची परीक्षा केवळ गुणवत्ता यादीत झळकलेल्या मुलांवरून होत नाही. फाटकापर्यंत येऊन जे मूल परत गेले, त्याच्यावरूनही ती होते. आजचे चार शब्द अशाच एका मुलाविषयी, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाविषयी आहेत.

त्यासाठी थोडे दूर, चंदीगडला जाऊ या. ल कॉर्ब्युझिए या वास्तुरचनाकाराने या शहराची आखणी करताना सुमारे १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद असे सेक्टर कल्पिले. प्रत्येक सेक्टरच्या पोटात दुकाने, हिरवळ आणि शाळा. लहान मुलाला वाहता रस्ता न ओलांडता पायी शाळेत जाता यावे, हा त्यामागील विचार. सैन्यदल, हवाईदल, बँका, केंद्र सरकारची कार्यालये यांतील बदल्यांमुळे अनेक मराठी कुटुंबे तेथे जातात. त्यांपैकी एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. वडिलांची बदली झालेली, मुलगी सात वर्षांची, तिला डाउन सिंड्रोम. सेक्टरमधील शाळा घराच्या गच्चीवरून दिसते. मात्र ती शाळा तिची होईल का, हे अंतर मीटरमध्ये मोजता येत नाही. हाच प्रश्न आपल्या गावातील शाळेच्या फाटकाशीही उभा असतो.

प्रथम या स्थितीविषयी. १८६६ साली जॉन लँग्डन डाउन या इंग्रज वैद्याने तिचे वर्णन केले. तिचे कारण १९५९ साली फ्रान्समधील जेरोम लेज्यून, मार्थ गोत्ये आणि रेमों तुर्पां यांच्या संशोधनातून पुढे आले. पेशीतील २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. म्हणूनच २१ मार्च हा जागतिक डाउन सिंड्रोम दिन मानला जातो आणि २०१२ पासून संयुक्त राष्ट्रेही तो पाळतात. हा आजार नव्हे, संसर्ग तर नव्हेच. आईने गरोदरपणी काय खाल्ले, कोणते ग्रहण पाळले नाही, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. घराघरांतील कित्येक सुनांनी हा आरोप मुकाट्याने सोसला आहे; तो आता तरी थांबावा.

या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो. थायरॉइड, ऐकणे आणि दृष्टी यांच्या तक्रारीही अधिक आढळतात. शाळेच्या दृष्टीने याचा अर्थ व्यावहारिक आहे. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी त्या मुलाला ऐकू येते का, फळा दिसतो का, हे तपासलेले असावे. मानेचे सांधे सैल असू शकतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी मारायला लावू नये. इतर खेळांतून मात्र त्याला वगळू नये.

चंदीगडमध्ये या कुटुंबाला काही भक्कम आधार सापडतात. पीजीआय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या बालरोग केंद्रात डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास झाला आहे. या मुलांची उंची समवयस्कांहून कमी भरते, हे तेथील मोजमापांनी दाखवले. त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना करून आईने झुरण्याचे कारण उरत नाही. सेक्टर ३१ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी सरकारी पुनर्वसन संस्था आहे. ‘ग्रिड’ या नावाने ती परिचित आहे. सेक्टर ३२ च्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी ती जोडलेली असून तेथे विशेष शाळा चालते आणि विशेष शिक्षकही घडवले जातात. डॉक्टर, शिक्षक आणि पालक एकाच आवाराच्या आसपास भेटू शकतात, ही सोय लहान वाटली तरी दमलेल्या पालकांसाठी फार मोठी असते.

अशा कुटुंबांना एक सल्ला मात्र हमखास मिळतो : “घरी मराठी बोलणे सोडा. हिंदी किंवा इंग्रजी, एकच भाषा ठेवा. नाहीतर मूल गोंधळेल.” हेतू चांगला असला तरी या सल्ल्याला आधार नाही. डाउन सिंड्रोम असलेली मुले दोन भाषांत वाढली म्हणून त्यांची भाषा मागे पडत नाही, असे याविषयीच्या अभ्यासांत आढळले आहे. आणि मराठी सोडायची म्हणजे नेमके काय सोडायचे? आजीशी फोनवरचे बोलणे, अंगाई, आरती, रागावणे आणि समजूत घालणे. ज्या मुलाला शब्द आधीच कष्टाने येतात, त्याच्याकडून सर्वांत जवळची माणसे ज्या भाषेत बोलतात तीच काढून घ्यायची, हे कोणते शहाणपण? मराठी शाळेच्या व्यासपीठावरून ही गोष्ट ठासून सांगायला हवी.

आता वर्गाकडे वळू. या मुलांना बोलता येते त्यापेक्षा समजते पुष्कळ अधिक. कानांनी ऐकलेले चटकन निसटते, डोळ्यांनी पाहिलेले टिकते. म्हणून सूचना एका वेळी एकच द्यावी, सोबत चित्र किंवा वस्तू दाखवावी आणि प्रश्न विचारून झाल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे. बहुधा उत्तर येते. आपल्यालाच थांबवत नाही. वाचनाची सुरुवात मुळाक्षरांपासूनच हवी असा हट्ट नको. ‘आई’, ‘पाणी’, ‘बस’ असे पूर्ण शब्द चित्रांच्या पत्त्यांवरून ओळखता आले की मात्रा आणि जोडाक्षरे नंतर शिकवता येतात. बोटांतील जोर कमी असतो. जाड पेन्सिल द्यावी आणि लिहिण्याऐवजी तोंडी उत्तर स्वीकारावे.

मराठी अंकांची तर आणखी एक गंमत आहे. ‘एकवीस’ म्हणताना आधी एक येतो आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला ते अनेकांना आठवत असेल. त्या वादात कोणाचीही बाजू घेतली तरी एक खरे : ज्याची श्रवणस्मृती तोकडी आहे, अशा मुलाला ‘वीस एक’ ही हाताला धरायची काठी आहे. एकवीस पाठ होईपर्यंत ती काठी हिरावून घेऊ नये.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. सर्वसामान्य शाळेतच शक्यतो अपंग मुलांचे शिक्षण व्हावे, असे कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ या काळातच सुचवले होते. म्हणजे ही सूचना या शाळेच्याच वयाची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. निवड मुलाची आणि पालकांची. शाळेने नकार देण्यासाठी ती तरतूद नाही. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, देशभर चालते. बदलीच्या नोकरीत ते आधी काढावे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी त्याच न्यासाच्या कायद्याखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो.

इतर पालकांच्या मनात एक शंका असते. असे मूल वर्गात असले तर आपल्या मुलाचा अभ्यास मागे पडेल का? ही शंका उघड विचारावी, कुजबुजू नये. शिक्षकाला मदतनीस आणि प्रशिक्षण न देता मूल केवळ मागच्या बाकावर बसवले, तर सर्वांचेच नुकसान होते, त्या मुलाचे सर्वाधिक. ते नुकसान मुलामुळे होत नाही, तयारीच्या अभावामुळे होते. आणि जी शिकवण चित्राने, वस्तूने, सावकाश दिली जाते, ती वर्गातील आणखी दहा मुलांच्या उपयोगी पडते.

पालकांच्या उशाशी रात्री बसलेला प्रश्न मात्र वेगळा असतो : आपल्यामागे याचे काय? १९८० च्या दशकाच्या आरंभी पाश्चात्त्य देशांतही या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आसपास होते. आज तेथे ते साठीच्या घरात आहे. आयुष्य लांबले, म्हणून शिक्षणाचा अर्थही बदलला. पैसे मोजणे, बस ओळखणे, ‘नाही’ म्हणता येणे, एखादे काम नेटाने करणे, हे सारे अभ्यासक्रमच आहेत. मुंबईत जुहूच्या ‘कॅफे अर्पण’मध्ये विकासात्मक दिव्यांगत्व असलेले प्रौढ तरुण रोज ग्राहकांची सेवा करून कमावतात. ती कमाई दयेची नाही.

माजी विद्यार्थीहो, आपल्यापैकी जे डॉक्टर आहेत त्यांनी वर्षातून एक दिवस कान-डोळ्यांच्या तपासणीसाठी द्यावा. ज्यांची दुकाने, कारखाने आहेत त्यांनी एका तरुणाला काम शिकवावे. जे परप्रांतात आहेत त्यांनी बदलीवर आलेल्या अशा मराठी कुटुंबाचे दार ठोठवावे. आणि पालकहो, आपल्याकडून मागणे अगदी साधे आहे. या मुलांना वर्गात प्रवेश मिळाला तरी वाढदिवसाचे बोलावणे सहसा मिळत नाही. पुढच्या वेळी मुलाच्या मित्रांची यादी कराल, तेव्हा त्यात ते एक नाव आहे ना, एवढे पाहावे.