लाल झालेला व्हॉल्व्ह

जऊळक्यासारख्या गावात उरूस असो, भागवत सप्ताह असो की गणपतीतला ऑर्केस्ट्रा, एके काळी आवाज दूरवर पोचवायचा तो व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. ट्रान्झिस्टर १९४७ साली आला, पण गिटार वाजवणारे आजही जुना व्हॉल्व्हचा सेट जपून ठेवतात. या सेटचं एक ठरलेलं दुखणं आहे. कार्यक्रम रंगात येतो आणि मागचा मोठा व्हॉल्व्ह लालबुंद होतो.

व्हॉल्व्ह तापणारच. आतली तार नारिंगी दिसते, ते ठीक. पण तिच्याभोवतीची करडी प्लेट लाल दिसली, की सेट तिथल्या तिथे बंद करावा.

पुष्कळ जण नवा व्हॉल्व्ह बसवतात आणि तोही जातो. कारण दोष बहुधा दुसरीकडे असतो. व्हॉल्व्हमध्ये कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, चारेकशे व्होल्टची प्लेट त्यांना ओढते. मधल्या जाळीला, म्हणजे ग्रिडला, उणे व्होल्टेज देऊन त्यांना आवर घातलेला असतो. तो सुटला की प्रवाह बेसुमार वाढतो. ईएल-३४ या व्हॉल्व्हची प्लेट २५ वॅटपर्यंत उष्णता सोसते, त्यापुढे ती लाल होते.

आवर सुटतो तो अनेकदा एका छोट्या कंडेन्सरमुळे. आवाजाचा सिग्नल पुढे सोडायचा आणि आधीच्या टप्प्यातलं व्होल्टेज अडवायचं, हे त्याचं काम. जुना झाला की तो गळतो आणि ग्रिडवर अधिक व्होल्टेज पोचतं. कधी ग्रिडचं उणे व्होल्टेजच येत नाही.

परीक्षा सोपी आहे. सेट बंद करून, थंड झाल्यावर जोडीतल्या दोन व्हॉल्व्हांची अदलाबदल करावी आणि सेट जरा वेळच लावून पाहावा. लाली व्हॉल्व्हबरोबर सरकली तर व्हॉल्व्ह खराब. जागेवरच राहिली तर दोष सर्किटमध्ये.

मात्र खालचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. ते जीव घेऊ शकतात. हे काम जाणत्या मेकॅनिकचंच.

बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी व्हॉल्व्ह बनवत असे. आता ते शोधावे लागतात, आणि ते ओळखणारे हातही कमी होत चालले आहेत. माळ्यावर असा सेट असेल तर जुन्या मेकॅनिककडे न्या. जाताना घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी सोबत घ्या आणि त्यांना शेजारी बसवून काम पाहू द्या.