चढावर थांबणारे वायपर

धो धो पावसात चढ लागला, चालकानं ॲक्सिलरेटर दाबला, की काचेवरचे वायपर मंदावायचे. कधी मध्येच थांबायचे. अमेरिकेतल्या जुन्या मोटारींमध्ये हे नेहमीचंच. त्यात बिघाड नसे, रचनाच तशी होती.

हे वायपर विजेवर चालत नसत. इंजिन हवा ओढतं तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये दाब घटतो. ती ओढ रबरी नळीतून वायपरच्या मोटरपर्यंत पोचते. मोटरच्या अर्धगोल डब्यात एक पातं असतं. छोटी झडप पात्याच्या कधी या, कधी त्या बाजूची हवा ओढू देते आणि पातं झुलत राहतं. ॲक्सिलरेटर दाबून थ्रॉटल पूर्ण उघडला की ही ओढ जवळजवळ उरतच नाही. म्हणून पुढे अनेक गाड्यांच्या पेट्रोल पंपालाच हवा ओढणारा जोडपंप बसवला गेला.

अशा मोटरींसाठी बफेलो शहरातली ट्रायको कंपनी प्रसिद्ध होती. जॉन ओइशेई यांनी ती १९१७ मध्ये स्थापन केली.

अशी मोटर दुरुस्त करणं मोठं समाधानाचं काम आहे, कारण धातूचे भाग बहुधा शाबूत असतात. आधी नळी तपासावी. चिरलेली नळी मोटरवर उगाच आळ आणते. मग झाकण हलक्या हातानं उघडून घट्ट झालेलं ग्रीस धुवावं. पात्याच्या कडेचं चामडं वाळलं असेल तर तेल मुरवून मऊ करावं, फाटलं असेल तर बदलावं. झाकणाखाली नवं गॅस्केट हवंच. गाडीवर चढवण्याआधी हातपंपानं हवा ओढून मोटर टेबलावरच चालवून पाहावी.