देणगीदाराचं नाव टॅलीत कशाला?

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. जव्हार-मोखाड्यात योजना आल्या, संस्था आल्या, मदत आली. आज अशा संस्थांचे हिशेब टॅली या संगणकावरच्या हिशेब-प्रणालीत असतात, आणि माझी तक्रार तिथल्या एका सवयीबद्दल आहे. देणगी आली की देणगीदाराच्या नावाचं लेजर, म्हणजे खातं, उघडायचं आणि नॅरेशनमध्ये, म्हणजे नोंदीखालच्या तपशिलात, त्याचा पॅन अन् मोबाईल नंबर ठोकून द्यायचा! मग ती फाइल हिशेबनिसाकडे, तिथून ऑडिटरच्या कार्यालयात, कधी संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातही जाते. पाचशे रुपये देणाऱ्याने एवढ्या जणांना आपली ओळख दिली होती का? गिरणीत डब्यावर खुणेची चिठ्ठी असते. दळणारा चिठ्ठी बघून दळतो, डबा कोणाचा ते मालक जाणतो, रांगेतल्यांना त्याचं काय? तसं टॅलीत 'देणगीदार क्रमांक' आणि पावती क्रमांक लिहा. नाव, पत्ता, पॅन वेगळ्या नोंदवहीत ठेवा, आणि ती कुलपात.

कोणी म्हणेल, ही लपवाछपवी झाली, धर्मादाय आयुक्तांना काय सांगायचं? अहो, नोंद ठेवणं वेगळं आणि ती सगळ्यांसमोर उघडी टाकणं वेगळं. नाव-पत्त्याची नोंदच नसेल, तर ती कायद्याने निनावी देणगी. निव्वळ धार्मिक संस्था वगळल्या, तर अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतल्या मोठ्या आकड्यापलीकडे गेल्या की वरच्या रकमेवर ३० टक्के कर. निनावी देणगी म्हणजे चिठ्ठीच नसलेला डबा. तो गिरणीवालाही ठेवून घेत नाही. शिवाय देणगीदाराला ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत द्यायची, तर २०२१-२२ पासून देणगीदाराचं नाव, पत्ता, ओळख क्रमांक आयकर खात्याला कळवणं आलंच. ते नोंदवहीतून कळवा. ऑडिटरने विचारलं, तर नोंदवही समोर बसून दाखवा. पुन्हा सांगतो, नाव पुसायचं नाही, फक्त टॅलीत लिहायचं नाही.

'आमच्याकडे एकच माणूस सगळं बघतो,' ही अडचण खरी आहे. तिथे नोंदवहीची किल्ली निदान खजिनदाराकडे द्या. काही देणगीदारांना मात्र फलकावर नाव हवंही असतं. पावती फाडतानाच विचारा आणि होकार लिहून घ्या. बॅकअपच्या पेनड्राइव्हबद्दल बोलायचं होतं, पण वेळ संपली. तूर्त एवढंच, तो टेबलावर ठेवू नका.