शिक्षा संपली, पुढे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. काही चुकले तर सांभाळून घ्यावे. मी बोलणार आहे तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांविषयी.

आमच्या आळीत असे एक गृहस्थ आहेत. हातून गुन्हा घडला, त्याची शिक्षा त्यांनी येरवड्यास भोगली. तिथेच ते सुतारकाम शिकले. सुटून आल्यावर काम विचारत आमच्या दारी आले. घरात खुर्चीचा पाय डुगडुगत होता, तरी मी उंबऱ्यातूनच म्हटले, "सध्या काही काम नाही." चक्क खोटे बोलले! ते मुकाट्याने परत गेले. त्या रात्री मला घास गोड लागला नाही.

तुरुंगात माणसाला नुसते कोंडून ठेवतात, असे मला वाटे. पण तिथे सुतारकाम, विणकाम शिकवतात, कामाची थोडी मजुरीही देतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा तुरुंगातून देणारे बंदीही आहेत. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर पाहा. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांच्या संस्थानात १९३९ साली ही खुली वसाहत निघाली. बंदी तिथे बायकामुलांसह राहून शेती करतात. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा १९५७ चा बोलपट याच प्रयोगावरून सुचला. तो पाहताना आपण डोळे पुसतो, आणि तसाच माणूस दारात आला की कडी लावतो!

भीती वाटते, हे मी नाकारत नाही. मलाही वाटली. पण हातात कसब असून कोणी काम दिले नाही, तर त्या माणसाने जावे कुठे? पुन्हा वाईट संगतीलाच ना? सरकार हुन्नर शिकवील. विश्वास मात्र शेजाऱ्यांनीच द्यायचा असतो.

आठ दिवसांनी मी त्यांना बोलावणे पाठवले. खुर्ची अशी पक्की केली की आता हलत नाही. ठरलेल्या मजुरीपेक्षा एक पैसा जास्त घेतला नाही.

आपल्या मंडळाच्या कपाटाचे दार वर्षभर निखळलेले आहे. ते काम त्यांना द्यावे, रीतसर मजुरी देऊन, अशी माझी सूचना आहे. आणखी एक. त्यांच्या पत्नीला गेली कित्येक वर्षे आपण कोणी हळदीकुंकवाला बोलावलेले नाही. तिने कोणता गुन्हा केला होता? यंदाचे पहिले बोलावणे तिला करायला मी स्वतः जाणार आहे. माझ्याबरोबर कोण येते?