वलणी आणि झुलता पूल

मागील पडवींत दोन खुंट्यांना बांधलेली वलणी प्रत्येक गृहिणीच्या परिचयाची असते. धुण्याच्या भारानें तिला झोळ पडला, कीं घरांतील कोणीतरी कर्ता पुरुष उत्साहानें तिला आवळून ताठ करतो. आणि चार दिवसांनीं भिंतींतली खुंटीच उपटून येते. दोष खुंटीला दिला जातो. वास्तविक तो ताठ बांधण्याच्या हौसेचा असतो.

दोरीला एकच गोष्ट साधते, ती म्हणजे ओढ सोसणें. ती दाब सोसूं शकत नाहीं. म्हणून भार आला कीं आकार बदलूनच तिला त्यास तोंड द्यावें लागतें. चार मीटर अंतरावरील दोन खुंट्यांना दोरी बांधून तिच्या बरोबर मध्यावर पांच किलो वजनाची ओली गोधडी टाकली, आणि तेथें दहा सेंटिमीटरांचा झोळ पडला, तर दोरींतील ताण सुमारें पन्नास किलोंचा होतो, भाराच्या दसपट! झोळ पांच सेंटिमीटरांवर आणला, तर ताण शंभरांवर जातो. अगदीं सरळ आडवी दोरी तर कितीही ओढली तरी भार पेलणार नाहीं. कारण झोळ असेल तरच ताणाचा कांहीं अंश वरच्या दिशेनें लागतो. तेंच पांच किलोंचें धुणें या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखें पसरलें, तर तेवढ्याच झोळाला ताण जवळजवळ निम्मा होतो. गृहिणी हें गणित न मांडतांच जाणतात.

मध्यावर एकच ओझें असेल तर दोरीच्या दोन सरळ भुजा होतात. कांहींच ओझें नसेल, तर ती केवळ स्वतःच्या वजनानें लोंबते. या लोंबत्या साखळीचा आकार फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा, म्हणजे अन्वस्तासारखा, जवळजवळ असतो, असें गॅलिलिओनें १६३८ च्या ग्रंथांत लिहिलें होतें. तो ‘जवळजवळ’ शब्द महत्त्वाचा ठरला. १६९१ मध्यें हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बेर्नुली या तिघांनीं दाखवून दिलें, कीं तो वक्र निराळाच आहे. लॅटिनमधील साखळीच्या शब्दावरून त्यास कॅटेनरी म्हणतात. टोकांजवळ दोरी तिरपी चढते. त्यामुळें तेथें आडव्या हातभर अंतरांत दोरी अधिक, व वजनही अधिक. झुलत्या पुलांत मात्र रस्त्याचें ओझें दोराच्या वजनाहून पुष्कळ मोठें असतें, आणि तें आडव्या हातभर अंतराला सर्वत्र सारखें असतें. तेथें दोर खरोखरच अन्वस्ताच्या जवळ जातो.

हें सर्व स्थिर भाराविषयीं झालें. जड गाडी पुलाच्या एका बाजूस आली, कीं दोर तिकडे दबतो आणि दुसरीकडे उचलला जातो. तो असा लाटेसारखा हलूं नये म्हणून रस्त्याला ताठ पोलादी चौकट जोडतात. पावलांचा भार याहून चमत्कारिक. १८३१ मध्यें मँचेस्टरजवळील ब्राउटन येथें सैनिक एका तालांत चालत गेले, पूल डोलूं लागला आणि कोसळला. पुढें पुलावर पावलें मोडून चालण्याची शिस्त सैन्यांत पडली.

वाऱ्याचा भार तर डोळ्यांना दिसतही नाहीं. अमेरिकेंतील टॅकोमा येथील ८५३ मीटर गाळ्याचा पूल १ जुलै १९४० रोजीं खुला झाला आणि ७ नोव्हेंबरला ताशीं सुमारें चौसष्ट किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांत पिळवटून पडला. त्याच्या कडेच्या तुळया बंद पत्र्यांच्या व फार उथळ होत्या. वाऱ्याचा ठेका पुलाच्या ठेक्याशीं जुळला, असें शाळेच्या पुस्तकांत लिहितात. तें अपुरें आहे. पूल पिळूं लागला, आणि त्या पिळण्यामुळेंच वारा त्याला अधिकाधिक जोर देत गेला. १९५० च्या नव्या पुलाला वारा आरपार जाईल अशा जाळीदार कैंच्या घातल्या.

परंतु दोराच्या मुळावर येणारें संकट कित्येकदां वाऱ्याहून साधें असतें. गुजरातेंत मोरबी येथें मच्छू नदीवरील संस्थानी काळांतला झुलता पूल दुरुस्त होऊन २६ ऑक्टोबर २०२२ रोजीं खुला झाला. दिवाळी नुकतीच सरली होती. लांकडी फळ्यांच्या जागीं ॲल्युमिनियमची जमीन आली होती. जुन्या उभ्या गजांना नवे गज डागून जोडले होते. खुला करण्यापूर्वीं भाराची चांचणी झाली नव्हती. ३० तारखेच्या संध्याकाळीं सुमारें तीनशें माणसें पुलावर असतांना एक मुख्य दोर तुटला आणि १३५ जीव गेले. चौकशी पथकानें त्या दोराच्या तारा मोजल्या. ४९ पैकीं २२ गंजलेल्या होत्या, आणि त्या अपघाताच्या आधींच तुटल्या असाव्यात असें पथकाचें मत पडलें. त्या संध्याकाळीं उरलेल्या २७ तुटल्या.