जुनं माप, नवा हिशोब



बचत गटाच्या बैठकीत आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो. सावकार शेकडा तीननं पैसे देतो आणि बँक अठरा टक्क्यांनी. मग स्वस्त कोण? बऱ्याच जणी चटकन म्हणतात, "सावकार! तीन कुठं आणि अठरा कुठं?"

हे उत्तर काही अडाणीपणाचं नाही. शेकडा म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्याच मापानं आपण बँकेचा आकडा मोजतो. पण बँक सांगते ते वर्षाचं व्याज. १०,००० रुपये मुद्दल वर्षभर तसंच राहिलं, तर शेकडा तीननं महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० रुपये व्याज होतं. बँकेचं होतं १,८००. म्हणजे बरोबर निम्मं!

नवीन काही शिकताना आपली पाटी कोरी नसते. आधीचा अनुभव तिच्यावर लिहिलेला असतोच. तो कधी पायरी होतो, कधी अडसर.

पायरी कशी, ते बघा. दिढीनं बी आणणाऱ्या बाईला व्याज नव्यानं शिकवावं लागत नाही. एक पायली बी आणलं, सुगीला दीड पायली परत केलं. एक पायली मुद्दल, अर्धी पायली व्याज. एवढं बोललं की टक्केही उमगतात. शंभराला पन्नास, आणि तेही एकाच हंगामात!

आता अडसर. आपल्या गटात कर्ज फिटत जाईल तसं व्याज उतरत जातं, कारण ते राहिलेल्या रकमेवर असतं. त्यामुळं सगळीकडं असंच असेल, असं आपण धरून चालतो. पण काही जण शेवटच्या हप्त्यापर्यंत पहिल्या पूर्ण रकमेवरच व्याज लावतात. त्याला फ्लॅट रेट म्हणतात. समजा १२,००० रुपये कर्ज आहे, दर वर्षाला १२ टक्के आहे आणि दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फेडायचं आहे. राहिलेल्या रकमेवर वर्षाचं व्याज होतं ७८० रुपये. फ्लॅट रेटनं होतं १,४४०. दर तोच, पण ६६० रुपये जास्त!

म्हणून सही किंवा अंगठा देण्याआधी विचारा: व्याज महिन्याचं की वर्षाचं? राहिलेल्या रकमेवर की पहिल्या? फी आणि विमा किती? रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्ज देणाऱ्यांनी आपल्याला समजेल अशा भाषेत लोन कार्ड द्यायला हवं. ते मागून घ्या आणि गटात वाचून बघा.

आणखी एक करा. गटात नवीन काही सांगायचं असेल, तर आधी विचारा, "तुला याबद्दल काय माहीत आहे गं?" सगळ्यात गप्प बसणाऱ्या मैत्रिणीलाही विचारा. तिचं जुनं माप कोणतं ते कळलं, की नवा हिशोब कुठून सुरू करायचा तेही कळतं.